नदीचं वर्णन

"आज 'सुंदर' लिहायचं नाही," मिरेयाबाई म्हणाल्या. शहरातून गावात आल्यापासून हा त्यांचा पहिलाच नदीकाठचा तास. नववीचा वर्ग काउका नदीच्या काठी, आंब्याखाली बसला होता. "दिसतं तेच सांगा. पण असं, की ऐकणाऱ्याला छान वाटावं नाहीतर धडकी भरावी."

"नदी चॉकलेटसारखी घट्ट वाहतेय," देइवेर म्हणाला.

"खादाड मेला!" मागून कुणीतरी बोललं. सगळे हसले.

"गिधाड होडीत बसल्यासारखं येतंय," येनी म्हणाली.

"वा!" बाई खूश झाल्या. "एका वाक्यात चित्र उभं केलं हिने. आता सांगा, हे ऐकून मनात काय..."

कुणी हसत नव्हतं. मुलांनी नदीकडे पाठ फिरवली होती. येनी तेवढी बघत होती. बाईंनी वळून पाहिलं. गिधाडाखाली निळा शर्ट होता.

बाईंनी चपला काढल्या.

"बाई, नको!" देइवेर ओरडला. "बंदूकवाल्यांनी सांगितलंय, नदीतला माणूस काढायचा नाही. काढणाऱ्यालाही टाकतात."

बाई कमरेइतक्या पाण्यात गेल्या. गिधाड उडालं. त्यांनी शर्ट धरून त्या माणसाला उताणा केला. मागोमाग येनी आली. तिचा भाऊ विल्मर नाताळपासून बेपत्ता होता.

येनीने चेहरा नीट पाहिला. "आमचा नाही."

"धर. काठाला घेऊ."

वळणाआडून मोटरबोटीचा आवाज आला. "बाई! बाई!" काठावरची मुलं रडकुंडीला आली. बाईंनी त्यांच्याकडे पाहिलं, पण शर्टावरची मूठ सुटेना. शेवटी येनीनेच त्यांची बोटं सोडवली. मग त्या माणसाच्या शर्टाची उघडी बटणं घाईघाईने लावली आणि त्याला धारेत ढकललं.

बोट आली तेव्हा सगळा वर्ग मान खाली घालून लिहीत होता.

"काय बाई, आंघोळ वाटतं?" बंदूक मांडीवर घेतलेला एकजण ओरडला.

"मुलांना नदी शिकवतेय," बाई म्हणाल्या. त्याने हात हलवला. बाईंनीही हलवला.

आवाज लांब गेल्यावर येनी म्हणाली, "विल्मरलाही कुणीतरी बटणं लावून दिली असतील. हो ना, बाई?"

बाई स्कर्टचा घोळ पिळत राहिल्या.