क्लचखालचं बटण

साक्री रोडवर जीप पुन्हा अडखळली. दुसऱ्या गिअरमध्येच इंजिन फटफट करायला लागलं. ॲक्सिलरेटर तळापर्यंत दाबला तरी गाडी ओढेना. मागची बैलगाडी आता आपल्याला मागे टाकणार, असं लोटनभाऊंना वाटू लागलं.

रविवारी धुळ्याला जीपची शर्यत होती आणि ती जिंकायचीच, असा त्यांनी चंग बांधला होता. त्यासाठी गिरधर मेकॅनिकने क्लचच्या पेडलखाली बटण बसवलं होतं. क्लच दाबला की ते इंजिनचा वेग आवरून धरायचं. मग ॲक्सिलरेटरवरचा पाय न उचलता फटकन गिअर टाकता यायचा. बटण चालतंय हे कळावं म्हणून समोर एक लाल बत्तीही होती. क्लच दाबला की पेटायची, सोडला की विझायची. गॅरेजमध्ये सगळं झकास झालं. रस्त्यावर मात्र ती विझायचं नावच घेईना.

खरं तर शर्यतीत जीप चालवायची ती धाकट्या भावाने, मगनने. पण वर्षात दोन क्लचप्लेटा जळाल्या. मगन आठवडाभर सवाऱ्या वाहायचा, लोटनभाऊ फक्त बाजाराच्या दिवशी गाडी काढायचे. दोष कुणाचा, हे उघडच होतं. "क्लचवर पाय ठेईसन गाडी हाकस तू!" असं भर चौकात सुनावून त्यांनी त्याच्याकडून किल्ली काढून घेतली.

"तो मना पाय नही, दादा," एवढंच बोलून मगन पिंपळनेरला सासुरवाडीला निघून गेला.

त्यानंतर तीन महिन्यांत आणखी दोन प्लेटा जळाल्या. हल्ली मालच नकली येतो, असं लोटनभाऊ भेटेल त्याला सांगत.

"तुनं बटण अटकी गयं," ते गिरधरवर वैतागले.

शेजारी बसलेला गिरधर वाकून खाली बघत राहिला. "भाऊ, तुमना डावा पाय कोठे शे?"

"खाले शे. मी क्लच दाबेलच नही!"

"जरा उचला."

त्यांनी उचलला. बत्ती विझली आणि जीप अशी उसळली की गिरधरचं डोकं टपाला लागलं.

लोटनभाऊंना काहीच उमजेना. मग इतका वेळ काय झालं होतं? ते विचारणार, तोच बत्ती आपोआप पेटली. त्यांनी खाली पाहिलं. त्यांची चप्पल क्लचवर अलगद टेकली होती. कधी टेकली, देव जाणे. त्यांनी ती उचलली. बत्ती विझली. फर्लांगभर गेले नाहीत तोच पुन्हा पेटली.

त्यांनी जीप कडेला घेतली. मेल्याहून मेल्यासारखं झालं त्यांना. उतरून, वळसा घालून ते गिरधरच्या बाजूला आले.

"सरक. गाडी तू हाक. पिंपळनेरले चाल, मगनले किल्ली देनी शे."

"अन् तेले सांगशात काय?"

लोटनभाऊ आपल्या डाव्या पायाकडे बघत होते.

"तो पाय मना व्हता."