कागद फुटतो कुठून

सभा अजून व्हायची होती, आणि रंगनाथ गुरुजींची हरकत कलेक्टर कचेरीत पोहोचलीसुद्धा होती. तिची प्रत नगराध्यक्ष हनुमंतरावांनी मेलेली पाल उचलावी तशी दोन बोटांनी उचलली आणि टेबलावर टाकली.

"अजेंडा नगरसेवकांनाच जातो ना, माउली?"

"त्यांनाच, आण्णा. घरोघर मीच देऊन येतो," ज्ञानेश्वर म्हणाला. तो नगरपरिषदेतला कंत्राटी लिपिक. सगळे त्याला माउलीच म्हणत.

"मग ह्या म्हाताऱ्याला काय सपान पडतं?"

माउलीने ती प्रत उचलून फायलीला लावली.

रंगनाथ गुरुजी निवृत्त शिक्षक. आता गावचं वाचनालय सांभाळायचे. मान वर करून कुणाशी बोलायचे नाहीत. पण सभेत कोणता विषय येणार हे त्यांना दर वेळी आधीच कळायचं, आणि मंजुरीच्या आत वरून स्थगिती यायची. पाण्याच्या टाकीचं काम असंच अडलं. आता बाजारतळाच्या ठेक्याचीही तीच गत. आणि हनुमंतरावांना तर खुद्द वाचनालयाच्या जागेवर गाळे काढायचे होते. गाळे कुणाला द्यायचे, तेही ठरून गेलं होतं.

त्यांनी एकेक नगरसेवक डोळ्यांसमोर आणला. एक सभेत घोरायचा. एक भिंतीच्या कोपऱ्यात पिंक टाकायचा. एक अजेंड्याच्याच कागदावर भेळ घ्यायचा. वाचणारा एकही नव्हता, विकणारे मात्र सगळे. असल्यांचं पुढारपण आपल्या नशिबी आलं. अजेंडा ते स्वतःही वाचत नसत. गठ्ठा घरी जायचा आणि फ्रिजवर पडायचा. पण त्यांचं वेगळं होतं. विषय ठरवणाऱ्याने वाचायचं कशाला?

"कागद बंद," ते म्हणाले. "सगळ्यांना टॅब द्यायचे. कागदच न्हाई म्हटल्यावर फुटणार काय?"

भिंगारला त्यांच्या मेहुण्याचं मोबाईलचं दुकान होतं. टॅब तिथूनच आले. हारतुरे झाले, फोटो निघाले, चौकात 'कागदमुक्त नगरपरिषद' असा फ्लेक्स लागला. पुढे टॅबचं व्हायचं तेच झालं. एकाचा टॅब हॉटेलच्या गल्ल्यावर गाणी वाजवायला लागला. एकाचा पोरगा राहुरीच्या कॉलेजात घेऊन गेला. सभेला आलेल्या एका टॅबवर रश्श्याचा तवंग वाळलेला होता. हनुमंतरावांनी तो हातात घेतला आणि रुमालाला बोटं पुसत राहिले.

त्यांच्या स्वतःच्या टॅबचा पासवर्ड त्यांच्या ध्यानात राहीना. माउलीने तो चिठ्ठीवर लिहून मागे चिकटवून दिला. टॅब घरी गेला आणि गठ्ठ्यांच्या जागी फ्रिजवर बसला.

"धूळ बसती ह्याच्यावर. खोळ शिवू का?" त्यांच्या बायकोने, छबूबाईंनी, विचारलं.

"शिव."

"अन् एक चष्मा करून द्या मला. तांदळातले खडे दिसना झालेत."

"घे की. कुणी अडवलंय?"

छबूबाई शाळेची पायरी चढल्या नव्हत्या. स्वयंपाक, घर, आणि दिवेलागणीला मारुतीच्या देवळात हरिपाठ. घरातलं एवढं एक माणूस बाहेरच्या घाणीपासून लांब आहे, याचं हनुमंतरावांना बरं वाटायचं.

मग त्यांनी माउलीला दार लावून घ्यायला सांगितलं.

"वाचनालयाच्या जागेचा विषय कुणालाच पाठवायचा न्हाई. फक्त माझ्या टॅबवर टाक. सभेत ऐनवेळचा विषय म्हणून उरकून घेऊ."

"मुख्याधिकाऱ्यांना, आण्णा?"

"त्यांना सभेतच कळंल. मला म्हाईत अन् तुला म्हाईत. तिसरा न्हाई."

सभेच्या आदल्या दिवशी स्थगिती आली. सोबत गुरुजींची हरकत. तिच्यात विषय शब्दन् शब्द उतरवलेला होता, वर 'ऐनवेळचा' हेसुद्धा.

हनुमंतरावांनी माउलीला बोलावून हरकत त्याच्यापुढे टाकली.

"किती घेतले?"

"लेकराची आण, आण्णा. मी कुणाला—"

"लेकराला मधी घालू नको. किळस येती मला तुमच्या जातकुळीची. उद्यापासून यायचं न्हाई."

माउली पाया पडायला वाकला. चिखलातून उचलावेत तसे हनुमंतरावांनी पाय मागे घेतले.

पण तेवढ्याने त्यांचं समाधान होईना. गुरुजींच्या तोंडून माउलीचं नाव वदवून घ्यायचं, मग पोलिसांत द्यायचं, असं ठरवून दिवेलागणीला ते एकटेच वाचनालयाकडे निघाले.

पायरीवर बायकांच्या चपला पडलेल्या होत्या. आत प्रौढ बायकांचा साक्षरतेचा वर्ग चालला होता. हनुमंतराव खिडकीच्या बाजूला अंधारात थांबले.

"घरात जे काही छापील असेल ते आणा म्हटलं होतं," गुरुजींचा खालचा आवाज आला. "मनकर्णाबाई, तुम्ही वाचा."

"यु-रि-या." खताची गोणी उलगडल्याचा आवाज झाला. "पुढचं पुसलंय, गुरुजी."

"लंकाबाई?"

"चि-रं-जी-व..."

"अगं, त्या लग्नाला पोरं झाली दोन," कुणीतरी म्हणालं. "पत्रिका आता वाचती व्हय?"

"तवा न्हवतं येत. आता आलं."

बायका हसल्या. हनुमंतरावांनी तोंड वाकडं केलं आणि आत जायला पाऊल उचललं.

"आता तुम्ही," गुरुजी कुणाला तरी म्हणाले. "आठवडाभर अडतंय तिथूनच घ्या."

कापडाची खोळ उघडल्याची सळसळ झाली. समोरच्या भिंतीवर निळसर उजेड पडला.

"ऐ-न-वे-ळ-चा वि-ष-य. वा-च-ना-ल-या-ची जा-गा..."

"छान. काल एवढं जमलं नव्हतं."

"आमच्या घरात छापील म्हणजे हेच, गुरुजी," छबूबाई म्हणाल्या. "पहिलं कागदावर लई बारीक असायचं. मालकांनी हे आणलं ते बरं झालं. बोटानं अक्षर मोठं व्हतं."