चाळणी

“मोठ्या इस्पितळातच न्या,” असं मेहुण्याला सांगून तिने फोन ठेवला आणि तेव्हापासून तिचा जीव टांगणीला लागला. धाकट्या बहिणीला कळा सुरू झाल्या होत्या, तेही दिवस भरायच्या आधीच. गावातलं प्रसूतिगृह घरापासून हाकेच्या अंतरावर होतं. चार खाटा, एक नर्सबाई, डॉक्टर आले तर आले. मोठं इस्पितळ डोंगर उतरून दीड-दोन तासांवर. मेहुण्याने विचारलं होतं, ताई, तुमचा अभ्यासच यातला, कुठे नेऊ? तिने क्षणभरही विचार केला नव्हता.

विचार करण्यासारखं होतंच काय? गेली तीन वर्षं ती याच प्रश्नाला चिकटून बसली होती. विद्यापीठाच्या धोरण अभ्यास विभागात एकाच मजल्यावर चार संशोधन केंद्रं होती. पाण्याचं, घरांचं, वाहतुकीचं आणि अगदी टोकाला त्यांचं, आरोग्याचं. चारही केंद्रांत मिळून कॉफीचं यंत्र एकच. त्यामुळे तिथली खरी भांडणं धोरणावरून नाही, यंत्रावरून व्हायची.

आरोग्य केंद्रात तिला सगळे ‘चाळणी’ म्हणत. आकडे बाकीच्यांनी गोळा करायचे, खडे वेचायचे तिने. दुबार नोंदी, अर्धवट नोंदी, कशातच न बसणाऱ्या नोंदी ती काढून टाकी. मग त्या तक्त्यावर बोट ठेवायची कोणाची टाप नसे. यंदाच्या तक्त्याने तर स्वच्छच सांगितलं होतं की लहान प्रसूतिगृहांत आई किंवा बाळ दगावण्याचं प्रमाण मोठ्या इस्पितळांच्या दुप्पट आहे. तेव्हा खेड्यांतली लहान प्रसूतिगृहं बंद करावीत. वाटेत एकच खडा लागला होता. काही शे बाळंतपणांत जन्माचं ठिकाण म्हणून नुसतं ‘इतर’ लिहिलेलं होतं. ना घर, ना दवाखाना. त्या नोंदींचं करायचं तरी काय? तिने खाली एक बारीक टीप टाकली आणि त्या गाळल्या. तशी पद्धतच असते.

आज ती शिफारस स्वीकारायला आरोग्य खात्याच्या सचिवबाई स्वतः आल्या होत्या. टेबलावर नेहमीप्रमाणे संचालकांची पितळी घंटी होती. बोलता बोलता कोणी “आमच्या शेजारी एक बाई आहेत ना” किंवा “माझ्या मामाचं काय झालं” असं सुरू केलं, की संचालक घंटी वाजवत. एका माणसाची गोष्ट हा पुरावा नाही, हा केंद्राचा नियम. घंटी वाजली की सगळ्यात आधी चाळणी हसायची.

आज तिला हसू येत नव्हतं. ती तक्ते दाखवत होती आणि टेबलाखाली अंगठ्याने मेहुण्याचा नंबर फिरवत होती. लागत नव्हता. डोंगरात रेंज जाते हे तिला माहीत होतं, तरी ती पुन्हा पुन्हा फिरवत राहिली. धाकटीला लहानपणापासून गाडी लागायची. पहिल्या वळणालाच तिला खिडकीची जागा द्यावी लागे. आज खिडकीजवळ बसवलं असेल ना कोणी तिला? ती मनातल्या मनात आपलेच आकडे घोकत राहिली. मोठं इस्पितळ सुरक्षित. मोठं इस्पितळ सुरक्षित. सचिवबाईंनी खात्री आहे ना म्हणून विचारलं, तेव्हा ती हो म्हणाली.

तेवढ्यात फोन आला. ती माफी मागून बाहेर पळाली.

मेहुणा एका दमात बोलत होता. मुलगी झाली होती. रस्त्यातच, गाडीत. रडायला तिने बराच उशीर लावला, पण रडली. आत्ता कुठे ते इस्पितळात पोचले होते. दोघी ठीक होत्या. कॉफीच्या यंत्राला टेकून ती ढसाढसा रडली. वाहतूक केंद्रातला एकजण कप घेऊन आला होता, तो तसाच परत गेला.

“ताई, अजून एक,” मेहुणा म्हणाला. “इथल्या बाई जन्माचं ठिकाण विचारतायत. घरी नाही, दवाखान्यात नाही. मग काय लिहायचं असतं हो?”

याचं उत्तर तिच्याइतकं पक्कं कोणालाच ठाऊक नव्हतं.

“‘इतर’ लिहा,” ती म्हणाली. आणि शब्द तोंडातून बाहेर पडल्यावर ती जागच्या जागी थिजली.

ती आत आली तेव्हा सचिवबाईंनी सही करायला पेन उघडलं होतं.

“थांबा,” ती म्हणाली. “माझ्या बहिणीला आज…”

संचालकांचा हात सवयीने घंटीकडे गेला. त्याआधीच तिने घंटी उचलली आणि तिचा लोलक मुठीत घट्ट धरला.

“तक्ता चुकलाय. मी गाळलेल्या बायका मोठ्या इस्पितळाकडेच निघाल्या होत्या,” ती म्हणाली. “पोचल्या नाहीत.”