आयुधपूजेचा काळा रंग

स्कॅनर काही केल्या बोलेना. कीर्तीनं तो बाहीला पुसला, पुन्हा मोटरीवर धरला. मुका तो मुकाच.

दक्षिणेत, इरुंगाट्टुकोट्टैच्या त्या कारखान्यात गाड्यांच्या जुन्या स्टार्टर मोटरी परत येत, दुरुस्त होत आणि पुन्हा गाडीत बसत. प्रत्येकीच्या काळ्या पाठीवर नखाएवढा कोड कोरलेला, काळ्यावर चकाकणारा. स्कॅनर धरला की सगळी कुंडली समोर: कुठे धावली, आत काय बदललं, अजून किती दम आहे. ही सगळी मांडणी सांगलीहून आलेल्या कीर्तीची.

आणि काल झाली आयुधपूजा, म्हणजे आपली खंडेनवमी. यंत्रं पुसून, हार घालूनही सुपरवायझर राममूर्तींचं मन भरेना. परत आलेल्या मोटरींचा ढीग देवासमोर असा कळकट कसा ठेवायचा? त्यांनी सगळ्या ढिगाला वरून काळा रंग मारून घेतला. भक्ती उतू गेली आणि कोड रंगात बुडाले.

"चांगलंच करायला गेलो होतो, अम्मा," राममूर्ती म्हणाले. माणूस अगदी रडकुंडीला आला होता.

मॅनेजर शेषाद्रींनी ढिगाकडे एकदा पाहिलं. "जिची माहिती नाही ती मोटर गाडीत बसणार नाही. नियम तूच केलास ना?"

"हो सर. आणि तो बरोबरच आहे."

"मग भर सगळा ढीग. वितळवायच्या भट्टीचा ट्रक दारात उभा आहे. ही परतीची लाइनही बंदच करू. आयुधपूजा काय, दर वर्षी येणार."

रात्रंदिवस राबून उभी केलेली लाइन, ती काय रंगाच्या डब्यात बुडू द्यायची? छे. कीर्तीनं थिनरनं एक मोटर खसाखसा पुसली. रंग गेला, पण नवा-जुना दोन्ही गेले. पत्रा आणि कोड सारखेच लख्ख झाले आणि स्कॅनरला त्यांतला फरक कळेना.

तिनं मान वर केली. राममूर्ती समोरच उभे होते, घाम पुसत. कपाळावरची विभूती रुमालानं गेली होती, पण आठ्यांमध्ये ती तशीच पांढरी राहिली होती.

कीर्ती बघतच राहिली.

"अण्णा, खिशात विभूतीची पुडी आहे ना? द्या."

तिनं चिमूटभर राख दुसऱ्या मोटरीच्या पाठीवर अंगठ्यानं चोळली आणि वरून फडकं फिरवलं. वरचा रंग काळाच राहिला, राख तेवढी खाचांत बसली. काळ्यावर पांढरा कोड उमटला. स्कॅनर टुणकन वाजला.

"कोइंबतूरची टॅक्सी," कीर्तीनं वाचलं. "आतले कार्बनचे ब्रश नवे आहेत. ही अजून धावेल."

पुढची वाजली तेव्हा पडद्यावर लाल पट्टी आली. हिचा दम संपला होता. कीर्तीनं ती स्वतःच उचलून ट्रककडे नेली.

"काल हिचीही पूजा केली होती," राममूर्ती हळहळले.

"वितळून येईल परत. तेव्हा नवा कोड कोरू."

दुपारी थोडाच ढीग तपासायचा उरला आणि ट्रक निघाला, तेव्हा ड्रायव्हर कुरकुरत होता. एवढ्या मोठ्या ट्रकात मोजक्याच मोटरी खडखडत होत्या.

शेषाद्रींनी राममूर्तींपुढे तळहात पसरला. साहेब कपाळाला लावणार म्हणून राममूर्तींनी पुडी अदबीनं पुढे केली. शेषाद्रींनी चिमूट घेतली आणि ते ढिगातल्या पुढच्या मोटरीकडे वळले.