पिन काढलेला अंक

दांडीत मासिक एकच यायचं. नवशा आणि त्याचे दोन मित्र, हिराजी आणि एकनाथ, पिन काढून लेख वाटून घेत आणि किनाऱ्यावर जाळी शिवताना एकमेकांना सांगत. आणीबाणीवर हिराजी तावातावानं बोले. इतिहास मात्र एकनाथनंच सांगावा. एकदा त्यानं आरमारी लढाईतला तांडेल, होडीचा प्रमुख, उभा केला: फुटल्या होडीतली माणसं दुसरीत चढेपर्यंत सुकाणू धरून राहिला आणि होडीबरोबरच बुडाला. “असा मानूस होता?” हिराजीनं विचारलं. “होता,” एकनाथ म्हणाला. नवशाचा बाप वादळात असाच गेला होता. बापानं वाचवलेल्यांत एकनाथही होता, पण तो त्याबद्दल कधीच बोलला नव्हता. आईला वाचून दाखवायला नवशानं पानं घरी नेली. लेखात तांडेल नव्हताच. ‘काही होड्या बुडाल्या’ एवढंच छापलेलं. एकनाथपुढं नवशानं मनोमन हात जोडले. “वाच ना,” आई म्हणाली. त्यानं पान डोळ्यांसमोर धरलं: “एक तांडेल होता...”