उशाशी उदबत्ती

बेल वाजली तेव्हा ती नवऱ्याच्या पोटाला नवी पिशवी चिकटवत होती. कॅन्सरचं आतडं काढल्यापासून त्याची शी पोटावरच्या छिद्रातून पिशवीत उतरायची. मघाशी ती पिशवी फुटून अंथरूणपांघरूण सगळं भरलं होतं. तेव्हापासून तो डोळे मिटून पडला होता.

"आले, आले!" असं ओरडत तिने चादर बदलली, खिडक्या सताड उघडल्या. वास काही हटेना. नणंद ऑपरेशननंतर पहिल्यांदाच गावाहून आली होती; तिच्यासमोर त्याची शोभा नको. पुड्यातल्या होत्या नव्हत्या तेवढ्या उदबत्त्या पेटवून, तांदळाच्या वाटीत खोचून तिने त्याच्या उशाशी ठेवल्या आणि दार उघडायला धावली.

नणंद खोलीच्या उंबऱ्यातच थबकली. उशाशी धूर, नवीकोरी पांढरी चादर, डोळे मिटून निश्चल पडलेला भाऊ.

"दादा!" तिने हंबरडा फोडला.

आपण काय करून बसलो ते बायकोला आत्ता कळलं. "अहो वन्सं, नाही हो! वास येत होता म्हणून लावल्या," म्हणत ती उदबत्त्या विझवायला झेपावली.

त्याने डोळे उघडले नाहीत.

"असू दे गं. आलीच आहे तर रडून घेऊ दे तिला. पुन्हा खेप नको."