जाळी नसलेली रिंग

शेवटचा सामना खेळून आल्यावर मेश्रामने बूट काढले आणि नेहमीसारखे जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळायला घेतले. सतरा वर्षं व्यावसायिक बास्केटबॉल, त्यातली सहा वर्षं देशाचा कर्णधार. बाहेर त्याच्या सत्कारासाठी मंत्री ताटकळले होते. मला मात्र त्याआधी एक विचारायचं होतं. अकरा वर्षं ते मनात अडकून बसलं होतं.

"त्या दिवशी पंचांना काऊन सांगितलं तू?"

कुठला दिवस, हे त्याने विचारलं नाही. फायनल होती. आम्ही दोन गुणांनी मागे होतो आणि शेवटच्या सेकंदाला त्याने लांबून शॉट मारला. पंचांनी तीन गुण दिले. आम्ही जिंकलो होतो, मी तर नाचायलाही लागलो होतो. हा सरळ पंचांकडे गेला आणि म्हणाला, माझा पाय रेषेवर होता, दोनच द्या. बरोबरी झाली आणि जादा वेळेत आम्ही हरलो. मला पुन्हा कधी फायनल मिळाली नाही.

"आमच्या कॉलनीतल्या रिंगला जाळी नव्हती," तो म्हणाला. "बॉल आतून गेला की बाजूने, लांबून कळायचंच नाही. मग ज्याने मारला त्यालाच विचारायचे. तो म्हणेल ते खरं."

"आणि कोणी खोटं बोललं तर?"

"मी बोललो होतो. एकदाच." त्याने कागदाची घडी घातली. "समोरचा नुसतं 'बरं' म्हणाला आणि पुढे खेळायला लागला. भांडला असता ना, तर मी विसरून गेलो असतो."